करारातला भात

लिमाच्या मुख्य चौकाजवळच्या हिरॉन उकायाली या रस्त्याने पूर्वेकडे चालत निघालं की पेरूच्या इतिहासाचे थर एकामागून एक लागतात. आधी तोरे ताग्ले वाडा येतो, स्पॅनिश अमदानीतल्या कोरीव लाकडी सज्जांचा. मग सान पेद्रो चर्च. मग बसगाड्यांनी तुंबलेला आबानकाय हमरस्ता. तो ओलांडला की पदपथ दिसेनासा होतो. दोन्ही बाजूंना बादल्या, खेळणी, कापडाचे तागे, लिंबांचे ढीग, वाट काढणारे हमाल आणि त्यांच्या हातगाड्या. हा मध्यवर्ती बाजाराचा, मेर्कादो सेंत्रालचा परिसर. बाजारालगत चिनी धाटणीची एक कौलारू कमान उभी आहे. तिच्याखालून आत शिरलं की काचेमागे आकड्यांना टांगलेली भाजकी बदकं दिसतात आणि बांबूच्या करंड्यांतून वाफ येत असते. ही कापोन गल्ली, लिमाच्या चिनी वस्तीचं काळीज.

या वस्तीत पायी हिंडायला येणाऱ्यांची सुरुवात बहुधा मिन पाओने होते. आत डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचं सारण भरलेला, वाफेवर फुगलेला हा पांढरा पाव दुकानाच्या खिडकीतून हातात मिळतो आणि उभ्या उभ्याच खायचा असतो. त्यानंतर सिउ माय, खिम्याची उघड्या तोंडाची छोटी पुरचुंडी. मग एखाद्या चिफात बसायचं. चिफा म्हणजे पेरूतलं चिनी जेवण आणि ते जिथे मिळतं ती खानावळसुद्धा. तिथे आधी वानतानचं, म्हणजे सारण भरलेल्या पातळ पाऱ्यांचं, सूप येतं, मग आर्रोस चाउफा, म्हणजे सोया सॉस, अंडं, कांद्याची पात आणि मांसाचे तुकडे घालून दणक्या आचेवर परतलेला भात. नूडल्स हव्या असतील तर तायारिन साल्तादो. भात आणि नूडल्स एकाच ताटात मिसळून हवं असेल, तर ‘आएरोपुएर्तो’, म्हणजे चक्क विमानतळ, मागायचं. प्यायला बहुतेक टेबलांवर पिवळाधमक इंका कोला असतो. लिंडली या इंग्लंडहून आलेल्या कुटुंबाने १९३५ साली तो लिमात बाजारात आणला आणि चिफाच्या जेवणाशी त्याची कायमची जोडी जमली.

अशा खानावळी आज पेरूभर हजारोंनी आहेत. वाळवंटी किनाऱ्यावर, अँडीजमधल्या थंड गावांत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या दमट शहरांत, सगळीकडे. दोन संस्कृतींचा सुंदर मिलाफ, असं या जेवणाचं वर्णन पर्यटनाच्या पुस्तिकांत असतं. मिलाफ झाला हे खरंच आहे. पण दोन बल्लवाचार्य आवडीने एकत्र आले आणि त्यातून तो घडला, असं नाही. त्याचं मूळ एका मजुरीच्या करारात, तांदळाच्या एका कलमात आहे. लिमाने हे अन्न फार लवकर आपलंसं केलं. ते शिजवणाऱ्या माणसांना आपलं म्हणायला मात्र या शहराला कितीतरी अधिक काळ लागला, आणि त्या मधल्या काळात बरंच रक्त सांडलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेरूच्या तिजोरीत पैसा येत होता तो पक्ष्यांच्या विष्ठेतून. किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या शिटेची, ग्वानोची, प्रचंड पुटं साचली होती आणि युरोप-अमेरिकेतल्या शेतांना हे खत हवं होतं. किनाऱ्यावरच्या नदीखोऱ्यांत ऊस आणि कापूस वाढत होता. राबायला माणसं मात्र पुरत नव्हती. आफ्रिकेतून गुलाम आणणं बंद झालं होतं. अँडीजमधले मूळ रहिवासी शेतकरी आपली डोंगरातली जमीन सोडून खाली यायला राजी नव्हते. तेव्हा दोमिंगो एलियास या बड्या जमीनदाराने आशियाकडे मोर्चा वळवला. ऑक्टोबर १८४९ मध्ये ‘फ्रेडरिक विल्हेल्म’ हे डॅनिश जहाज ७५ चिनी मजुरांना घेऊन कायाओ बंदरात आलं. पुढच्याच महिन्यात, १७ नोव्हेंबरला, पेरूने स्थलांतराचा कायदा केला: किमान ५० परदेशी माणसं आणणाऱ्याला माणशी ३० पेसो इनाम. कागदावर हा कायदा सर्व परदेशी लोकांसाठी होता. तो कोणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून लोकांच्या तोंडी तो ‘चिनी कायदा’च झाला. १८५४ च्या अखेरीस रामोन कास्तिया या लष्करी नेत्याने गुलामगिरी रद्द केली, सुमारे २५,००० गुलाम मोकळे झाले, आणि चिनी मजुरांची मागणी आणखी वाढली.

तिकडे दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत पोळून निघत होता. अफूच्या पहिल्या युद्धाने पर्ल नदीच्या मुखाजवळचा व्यापार आणि रोजगार विस्कटला होता. त्या अफूचा मोठा वाटा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जहाजांत चढत असे. मागोमाग तैपिंग बंड आलं, हक्का आणि पुंती या समाजांतल्या लढाया पेटल्या. गावोगाव दलाल फिरू लागले. कोणी सोन्यासारख्या देशाच्या गोष्टींना भुललं, कोणी जुगाराच्या कर्जात अडकलं, कोणाला सरळ पळवून नेलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकावमध्ये या माणसांना बराकींत ठेवत आणि करारावर सही किंवा अंगठा घेत. अटी साधारण ठरलेल्या असत. आठ वर्षं काम. महिना चार पेसो. वर्षाला कपड्यांचे दोन जोड, एक कांबळं. आणि रोज सुमारे दीड पौंड तांदूळ.

हे तांदळाचं कलम दयेपोटी आलेलं नव्हतं. मजूर कामावर उभा राहायला हवा असेल, तर त्याला त्याचं अन्न द्यावं लागतं, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. तांदूळ पेरूला नवा नव्हता, तो स्पॅनिशांबरोबरच आला होता. पण मका आणि बटाट्याच्या या देशाने दोन्ही वेळा भातच मागणारी इतकी माणसं कधी पाहिली नव्हती.

१८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत सुमारे एक लाख चिनी माणसं अशी पेरूला आली. प्रवास महिनोन् महिने चाले. सरासरी दहातला एक वाटेतच दगावे. सुरुवातीच्या काही जहाजांवर तर मृत्यूचं प्रमाण याहून कितीतरी भयंकर होतं. किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांचे करार लिलावासारखे विकले जात. काही जण चिंचा बेटांवर गेले. तिथे रोज काही टन ग्वानो खणायचा, नाकातोंडात अमोनियाचा भपकारा, आणि पळायला चारी बाजूंना समुद्र. कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकून सुटका करून घेतली. काही हजार हेन्री मेग्ज या अमेरिकन कंत्राटदाराच्या अँडीज रेल्वेच्या कामावर गेले. बहुसंख्य किनाऱ्यावरच्या हासिएंदांत, म्हणजे मोठ्या मळ्यांत, उसाच्या आणि कापसाच्या कामाला जुंपले गेले. रात्री त्यांना भिंतींच्या आवारात कोंडून कुलूप घालत. कामात कसूर झाली तर चाबूक, खोडा, बेड्या. मालकाच्याच दुकानातून उधारीवर माल आणि अफू मिळे, आणि त्या कर्जापायी आठ वर्षांचा करार लांबत जाई.

ही माणसं मुकाट्याने सगळं सोसत राहिली असं नाही. सप्टेंबर १८७० मध्ये पातिविल्का खोऱ्यात हजाराहून अधिक मजुरांनी तोंडं लाल-निळ्या रंगांत रंगवून बंड केलं. ‘रंगवलेल्या चेहऱ्यांचं बंड’ म्हणूनच ते इतिहासात ओळखलं जातं. सैन्याने ते चिरडलं. १८७२ मध्ये ‘मारिया लुस’ हे पेरूचं जहाज वादळात सापडून जपानच्या योकोहामा बंदरात थांबलं. एका मजुराने पाण्यात उडी टाकून शेजारच्या ब्रिटिश युद्धनौकेचा आसरा घेतला. प्रकरण जपानी न्यायालयात गेलं आणि जहाजावरच्या दोनशेहून अधिक चिनी मजुरांची मुक्तता झाली. या व्यापाराचं खरं रूप त्यामुळे जगापुढे आलं. १८७४ मध्ये मकावमधून होणारी ही वाहतूक बंद पडली आणि त्याच वर्षी जून महिन्यात चीन आणि पेरू यांनी तियानजिनला करार केला. इथून पुढे येणारा प्रत्येक जण निदान कायद्याने तरी स्वेच्छेने येणार होता.

करार संपलेली माणसं मळ्यांतून बाहेर पडू लागली, तेव्हा पुष्कळांनी लिमाची वाट धरली. ती येऊन थांबली ती बाजारापाशी. १८५० च्या दशकात ला कोन्सेप्सियोन मठाची जागा घेऊन सरकारने शहराचा मध्यवर्ती बाजार बांधला होता. भांडवल नसलेल्या माणसाला पोट भरायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. हमाली होती, फेरीचा धंदा होता, भाजीचा ठेला होता. आणि स्वयंपाक होता. बाजाराच्या पूर्वेला कापोन गल्लीत आणि आसपासच्या बोळांत फोंदा निघू लागल्या. फोंदा म्हणजे साधी, स्वस्त खानावळ. एखादं लांबट टेबल, बाकडी, चुलीवर खोलगट कढई. गिऱ्हाईक म्हणजे हमाल, गाडीवान, धोबिणी, मुक्त झालेले काळे कामगार, डोंगरातून उतरलेले शेतकरी. चिनी माणूस तर येईच, पण केवळ त्याच्या जिवावर धंदा चालणार नव्हता. म्हणून फोंदावाला भाताबरोबर इथल्या लोकांच्या सवयीचे पदार्थही करी. ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत त्याला गरम, झटपट आणि पोटभर जेवण मिळे. लिमाच्या गरिबांनी चिनी हातचं अन्न पहिल्यांदा खाल्लं ते असं, गरजेपोटी.

दुसरी वाट श्रीमंतांच्या घरातून गेली. कितीतरी चिनी पुरुष लिमातल्या बड्या घरांत आचारी म्हणून लागले. मालकिणीने सांगितलेले क्रिओयो पदार्थ, म्हणजे किनाऱ्यावरच्या मिश्र समाजाचं पारंपरिक जेवण, त्यांनी शिकून घेतलं आणि आपल्या पद्धतीने रांधलं.

तिसरी वाट सर्वांत खोल गेली. जहाजांतून आलेल्या लोकांत बायका जवळजवळ नव्हत्याच. त्यामुळे मुक्त झालेल्या चिनी पुरुषांनी इथल्या मूळ रहिवासी, काळ्या आणि मिश्रवंशीय बायकांशी संसार थाटले. त्या घरांमध्ये चुलीवर एका बाजूला भात असे आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या मिरचीचं, आही आमारियोचं, वाटण. कोणता पदार्थ नेमका कोणत्या घरात, कोणत्या साली जन्मला, याची नोंद कुठेच नाही. पण १८७६ च्या जनगणनेत पेरूमध्ये सुमारे ५०,००० चिनी माणसं मोजली गेली. एवढ्या चुलींवर एका पिढीत काय घडलं असेल, त्याचा पुरावा आजच्या ताटात आहे.

लोमो साल्तादो घ्या. गोमांसाच्या पट्ट्या, जाड चिरलेला लाल कांदा, टोमॅटो, पिवळी मिरची, सोया सॉस, व्हिनेगर, शेवटी कोथिंबीर. सगळं भडकलेल्या आचेवर, धूर निघेपर्यंत तापलेल्या कढईत, दोन-तीन मिनिटांत. कांदा करकरीत राहिला पाहिजे आणि मांसाला जाळाचा वास लागला पाहिजे. हे तंत्र अस्सल कँटोनी आहे. बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातली. गोमांस, कांदा आणि व्हिनेगर स्पॅनिशांबरोबर आलेलं. ताटात तळलेले बटाटे असतात आणि शेजारी भाताची मूदही असते, कारण जेवणाऱ्यांपैकी अर्ध्यांचं पोट बटाट्याशिवाय भरत नव्हतं आणि अर्ध्यांचं भाताशिवाय. हा पदार्थ आज पेरूची ओळख म्हणून जगभर मिरवला जातो. खानावळींच्या यादीत तो ‘चिनी’ सदरात नसतोच, ‘क्रिओयो’ सदरात असतो. इतका तो पेरूचा झाला, आणि तो पहिल्यांदा परतणाऱ्यांपैकी एकाचंही नाव उरलं नाही.

बाजारातली भाषासुद्धा हेच सांगते. आलं म्हणजे किओन, सोया सॉस म्हणजे सियाओ, चपट्या मटारच्या कोवळ्या शेंगा म्हणजे ओलानताओ. पेरूतली गृहिणी हे शब्द चिनी म्हणून वापरत नाही, किराणा म्हणून वापरते.

अन्न असं घराघरांत शिरत होतं, त्याच वर्षांत माणसांवर हल्ले होत होते. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध सुरू झालं. चिलीचं सैन्य किनाऱ्याने लिमाकडे सरकलं, तेव्हा मळ्यांत कोंडलेल्या हजाराहून अधिक चिनी मजुरांना त्याच्यात आपले मुक्तिदाते दिसले आणि ते त्याला जाऊन मिळाले. त्याची किंमत सगळ्या समाजाने चुकवली. जानेवारी १८८१ मध्ये मिराफ्लोरेसची लढाई हरल्यावर, चिलीचं सैन्य शहरात शिरण्याआधीच्या रात्री, लिमातल्या जमावाने चिनी दुकानं लुटली आणि जाळली. माणसं मारली गेली. पुढच्याच महिन्यात दक्षिणेकडच्या कान्येते खोऱ्यात शेकडो चिनी मजुरांची कत्तल झाली. ज्या दुकानांवर हल्ले झाले, त्यांत लिमाच्या गरिबांना उधारीवर तांदूळ देणारी दुकानंही होती.

पुढची काही वर्षं समाज स्वतःला सावरत होता. १८८० च्या दशकात बेनेफिसेन्सिया चिना ही मध्यवर्ती साहाय्य संस्था उभी राहिली. निराधारांना आसरा देणं, मृतांचे अंत्यसंस्कार करणं, तंटे सोडवणं आणि सरकारदरबारी बाजू मांडणं ही कामं तिने अंगावर घेतली. कापोनपासून जवळच, हिरॉन पारुरोवर, तिची वास्तू आजही आहे. आत क्वान कुंग या रणदेवतेचं देवघर आहे. पेरूतले चिनी लोक त्याला ‘सान आकोन’ म्हणतात, म्हणजे नावापुढे थेट कॅथलिक संताची उपाधी. भाकीत पाहायला तिथे फक्त चिनी वंशाचेच लोक येतात असं नाही.

१९०३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर प्लेग आला आणि बोटं पुन्हा चिनी वस्तीकडे वळली. फोंदांतल्या मांसाबद्दल वाटेल त्या कंड्या पिकत होत्याच. मे १९०९ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, लिमाच्या रस्त्यांवर चिनीविरोधी दंगल उसळली. रोजगार कमी होता, आणि चिनी मजूर मजुरी पाडतात असं कामगारांना सांगितलं जात होतं. दुकानं फुटली. सरकारने चिनी माणसांना देशात येण्यावर निर्बंध घातले. महापौर गियेर्मो बिलिंगहर्स्टने आरोग्याचं कारण पुढे करून कापोनजवळची ओतायसा चाळ पाडायला लावली. या दाट चाळीत शेकडो चिनी माणसं राहत होती, तिथेच त्यांची दुकानं आणि खानावळी होत्या. बेघर झालेल्यांची पर्यायी सोय कोणी केली नाही. बिलिंगहर्स्ट पुढे तीन वर्षांनी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

त्या पाडापाडीला बारा वर्षं झाली आणि चित्र बदललं. १९२१ मध्ये पेरूच्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी होत होती. प्रत्येक परदेशी समाज लिमाला काही ना काही भेट देत होता. चिनी समाजाने संगमरवरी कारंजं दिलं, ते आजही प्रदर्शन उद्यानात आहे. हाँगकाँगशी व्यापार करणाऱ्या पेढ्यांचा एक सधन वर्ग आता उभा राहिला होता. त्यांच्या बोटींतून सोया सॉस, सुके मशरूम, चहा आणि चिनी मातीची भांडी येत. त्याच १९२१ साली कापोन गल्लीत ‘कुओंग तोंग’ सुरू झालं. पांढरे टेबलक्लॉथ घातलेलं, कँटोनी आचाऱ्यांचं, खास जेवायला जाण्याजोगं हे उपाहारगृह लिमाचं पहिलं चिफा मानलं जातं. फोंदाच्या बाकड्यावर हमालाशेजारी कधीही न बसणारी घरंदाज कुटुंबं इथे येऊ लागली. मागोमाग ‘तोन पो’ आणि ‘सान जॉय लाओ’ निघाली. सान जॉय लाओमध्ये तर वाद्यवृंद वाजे आणि जेवणानंतर जोडपी नाचत. कापोनला जेवायला जाणं ही लिमात चैनीची गोष्ट झाली.

तरीही विचारवंतांच्या लेखी चिनी माणूस बाहेरचाच होता. होसे कार्लोस मारियातेगी हा पेरूच्या डाव्या विचारांचा जनक. मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी त्याने आयुष्य वेचलं. १९२८ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधसंग्रहात मात्र चिनी लोकांनी पेरूला काही दिलं नाही, उलट पूर्वेकडचे दोषच इथे आणले, असा निवाडा आहे. तो हे लिहीत होता तेव्हा लिमात चिफांची चलती होती.

शहराच्या बाकीच्या भागांत हा समाज पोचला तो कोपऱ्यावरच्या दुकानातून. ‘कोपऱ्यावरचा चिनी’ हा लिमाच्या मोहल्ल्यातला ठरलेला माणूस. पहाटे उघडणारा, रात्री उशिरा बंद करणारा, वहीवर उधारी मांडणारा आणि वर थोडी ‘यापा’, म्हणजे वरकड माप, देणारा. १९४२ मध्ये सान इसिद्रो भागात वाँग कुटुंबाने असंच एक दुकान थाटलं. १९८० च्या दशकात त्यातून सुपरमार्केटची साखळी उभी राहिली आणि ती २००७ मध्ये चिलीच्या सेंकोसुद समूहाने विकत घेतली. चिनी मूळ असलेल्या, पण पेरूत जन्मलेल्या लोकांना ‘तुसान’ म्हणतात. त्यांची मुलं डॉक्टर, अभियंते, मंत्री झाली. मोठ्या संख्येने ती कापोनमधून बाहेर पडली.

मागे राहिलेल्या वस्तीला अवकळा आली. फेब्रुवारी १९६४ च्या आगीत मध्यवर्ती बाजार जळाला आणि १९६७ मध्ये आजची काँक्रीटची इमारत उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी १९७१ मध्ये तैवानच्या मदतीने कमान बांधली गेली. त्यानंतरच्या दोन दशकांत लिमाचं जुनं शहर फेरीवाले, कचरा आणि बॉम्बस्फोटांच्या भीतीत बुडालं. शायनिंग पाथ या माओवादी बंडखोर संघटनेच्या हिंसाचाराच्या त्या वर्षांत रात्री कापोनला जेवायला येण्याची हिंमत कोण करणार? चिफांचा नवा बहर तेव्हा सान बोर्हा आणि मिराफ्लोरेससारख्या सुखवस्तू भागांत गेला. १९९९ मध्ये महापौर आल्बेर्तो आंद्रादेच्या काळात गल्ली वाहनांना बंद झाली, नवी फरसबंदी झाली, तिच्यात चिनी राशिचक्राचे प्राणी बसवले गेले. आज माणसं मिन पाओ खात ज्या फरशांवर उभी असतात, त्या याच.

कापोनमधून पारुरोकडे वळलं की ‘सालोन कापोन’ आणि ‘वा लोक’ ही नावाजलेली चिफं लागतात. रविवारी दुपारी तिथे तीन पिढ्या गोल टेबलांभोवती बसलेल्या दिसतात, आणि त्यांतली बहुसंख्य कुटुंबं चिनी वंशाची नसतात. पेरूच्या गास्तोन आकुरिओ या नामांकित शेफने २०११ मध्ये ‘मादाम तुसान’ काढलं आणि चिफाला महागड्या जेवणाच्या दुनियेत नेलं. हाविएर वाँग हा चिनी वंशाचा शेफ तर चिनी नव्हे, सेबिचे या कच्च्या मासळीच्या पेरूवियन पदार्थासाठी जगप्रसिद्ध झाला. डोंगरात चाउफा किनोआचा होतो, अ‍ॅमेझॉनच्या बाजूला त्यात धुरावलेलं डुकराचं मांस पडतं, किनाऱ्यावर कोळंबी आणि माकुल. पण हे अन्न जिथून वर आलं, तिथेही ते ठाम उभं आहे. दुपारी कचेऱ्यांच्या आसपासच्या छोट्या चिफांत सूप आणि भाताचं ठरावीक ‘मेनू’ जेवण कामगाराला परवडेल अशा दरात मिळतं. रात्री वस्त्यांच्या नाक्यांवर कारेतिया, म्हणजे हातगाड्या, लागतात. गॅसच्या निळ्या जाळावर कढई आपटत असते, भात हवेत उडतो आणि कढईत परत पडतो.

या गाड्यांवर आता नवी माणसं आहेत. गेल्या दहा वर्षांत व्हेनेझुएलामधून पंधरा लाखांहून अधिक लोक पेरूत आले. लिमात ते घरोघर जेवण पोचवतात, खानावळींत भांडी घासतात, कढया सांभाळतात, नाक्यावर आरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या, भाजतात. रोजगार हिरावतात, गुन्हे वाढवतात, असे आरोप त्यांच्यावर निवडणुकीच्या सभांमधून होतात, आणि १९०९ ची कागदपत्रं वाचलेल्या इतिहासकारांना ही भाषा अनोळखी नाही. त्यांच्या गाड्यांवरचे तेकेन्योस मात्र गर्दी खेचतात. व्हेनेझुएलाचा तेकेन्यो म्हणजे गव्हाच्या कणकेच्या पट्टीत गुंडाळून तळलेलं चीज. पेरूतही याच नावाचा पदार्थ फार आधीपासून लोकप्रिय आहे. इथे मात्र चीज गुंडाळायला वानतानची पातळ पारी घेतात आणि तो अव्होकाडोच्या चटणीबरोबर खातात. लिमाच्या मध्यवस्तीत आता दोन्ही मिळतात, आणि शाळा सुटली की पोरं दोन्ही गाड्यांपुढे रांग लावतात.